गुरांची नोंद आणि पुराव्याचा भार : सोलापूर प्रांताच्या अनुरोधानें कांहीं विचार

१. वतनांचे महजर, इनामांच्या सनदा व देवस्थानांचे ताम्रपट यांवर संशोधकांनीं जितके श्रम घेतले आहेत तितके गुराढोरांच्या कागदांवर घेतलेले नाहींत. याचें कारण उघड आहे. वतनाचा कागद पिढ्यान्‌पिढ्या पेटींत जपून राहतो. बैल विकल्याची पावती बैल गेला कीं चुलींत जाते. तथापि सनदेशीं ज्याचा जन्मांत एकदांहि संबंध आला नाहीं असे कुणबी गांवोगांव असत, आणि जनावर घेण्याचा वा विकण्याचा प्रसंग मात्र त्यांतील कोणासहि चुकला नाहीं. राजसत्ता आणि सामान्य शेतकरी यांचा प्रत्यक्ष व्यवहार कसा होता हें पाहावयाचें असेल, तर गुरांची नोंद कोणीं ठेविली, कशासाठीं ठेविली, आणि ती नसल्यास नुकसान कोणाचें झालें, हे तीन प्रश्न विचारणें अवश्य आहे.

हे प्रश्न सांप्रत विचारण्यास एक निमित्तहि घडलें आहे. महाराष्ट्र शासनाच्या पशुसंवर्धन खात्यानें सन २०२४ मध्यें असें जाहीर केलें कीं, ता. १ जून २०२४ पासून ज्या जनावराच्या कानांत बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला नाहीं व ज्याची नोंद ‘भारत पशुधन’ या संगणकीय दप्तरांत झालेली नाहीं, त्याची खरेदीविक्री बाजार समितींत, आठवडे बाजारांत किंवा गांवांत होऊं द्यावयाची नाहीं. त्यास सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची सेवा मिळावयाची नाहीं. आणि तें नैसर्गिक आपत्तीनें, विजेच्या धक्क्यानें अगर वन्य पशूच्या हल्ल्यानें मेलें तर भरपाईहि मिळावयाची नाहीं. नोंद असावी याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु नोंद नसल्याचा दोष व दंड हीं दोन्ही दोन गाई बाळगणाऱ्याच्या माथीं मारण्याची जी रीत या आदेशांत दिसते, तिचा इतिहास तपासला असतां ती लहान शेतकऱ्यास नेहमींच घातक ठरली आहे असें आढळतें. तोच इतिहास प्रस्तुत लेखांत थोडक्यांत मांडावयाचा आहे.

२. या विवेचनास सोलापूर प्रांत घेण्याचीं कारणें तीन आहेत. पहिलें कारण तेथील बाजार. सोलापूर शहरीं श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेंत, म्हणजे मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्यांत, जनावरांचा मोठा बाजार भरत आला आहे. पंढरपुरास कार्तिकी वारीच्या निमित्तानें वाखरीच्या तळावर असाच बाजार भरतो. सांगोल्याचा आठवडे बाजार तर खिलार जनावरांच्या व्यापारासाठीं महाराष्ट्राबाहेरहि ठाऊक आहे. माणदेशाच्या कोरड्या माळावर वाढलेला खिलार बैल, आणि जिचीं शिंगें तलवारीसारखीं खांद्यापलीकडे जातात ती पंढरपुरी म्हैस, हीं दोन्ही या प्रांताचीं खास जनावरें होत.

दुसरें कारण अवर्षण. सन १८७६-७७ व १८९६-९७ या दुष्काळांपासून सन १९७२ च्या दुष्काळापर्यंत, आणि पुढें सन २०१८-१९ मधील चारा छावण्यांपर्यंत, या जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें आपली शेवटची ठेव म्हणून दावणीकडेच पाहिलें. पीक बुडालें, लग्न निघालें, घरांत दुखणें आलें, कीं एक खोंड बाजारांत जातो. सावकाराच्या दारीं जाण्याआधींचा तो अखेरचा उपाय. ज्या दिवशीं जनावर विकतां येत नाहीं त्या दिवशीं व्याजाची पायरी चढणें भाग पडतें. कायद्यानेंहि ही गोष्ट ओळखली आहे. सन १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेच्या ६० व्या कलमानें शेतकऱ्याचीं आऊतें व त्याच्या उपजीविकेस अवश्य तीं जनावरें कर्जाच्या वसुलींतील जप्तींतून वगळलीं आहेत.

तिसरें कारण सरहद्द. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर व मंगळवेढा हे तालुके कर्नाटकास लागलेले आहेत. तेथील माणसें व गुरें यांस ही सीमा व्यवहारांत जाणवत नाहीं. कागदावर मात्र ती कशी जाणवते हें पुढें येईलच.

३. शिवकालांतील एका पत्रापासून आरंभ करूं. ता. ५ सप्टेंबर १६७६ रोजीं शिवछत्रपतींनीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेलें पत्र इतिहासाभ्यासकांस सुपरिचित आहे. तें कोंकणांतील सुभ्याचें असलें तरी गुरांच्या गणनेविषयीं मराठी राज्याची धारणा काय होती हें त्यावरून जितकें स्पष्ट होतें तितकें क्वचितच अन्यत्र होईल. सुभेदारानें गांवोगांव फिरावें, कुणबी गोळा करावे, कोणाजवळ माणसें आहेत पण बैल व दाणा नाहीं हें पाहावें, आणि अशास बैलांसाठीं रोख पैसा व पोटास धान्य द्यावें. वाढीदिढी न घेतां मुद्दल तेवढें त्यास शक्ति येईल तसतसें उगवून घ्यावें, असा त्याचा आशय आहे. या गणनेंत मोजावयाचे होते ते नसलेले बैल. मोजण्याचा त्रास सरकारी कामगारास, आणि मोजणीचा लाभ कुणब्यास, अशी ही वांटणी होती.

अर्थात् राज्याची दृष्टि सदैव इतकी उदार होती असें म्हणण्याचें कारण नाहीं. मराठी दप्तरांतील करांच्या याद्या चाळणारास शिंगशिंगोटी, म्हैसपट्टी, वनचराई हीं नांवें नवीं नाहींत. शिंगशिंगोटी म्हणजे शिंगांच्या जनावरांवरील कर. म्हशीवरील ती म्हैसपट्टी. रानांत चारण्याबद्दल द्यावयाची ती वनचराई. या करांसाठीं गुरें मोजावीं लागत, आणि मोजणी चुकविण्याकडे रयतेचा कल असे, हें स्वाभाविकच होय. पण या मोजणींत संख्येस महत्त्व होतें. अमुक कुणब्याच्या घरीं किती म्हशी, एवढें कुलकर्ण्यास कळलें कीं पुरे. तीच म्हैस कोणती, तिची आई कोण, ती पूर्वीं कोठें होती, याची चौकशी सरकारास नव्हती.

एकेका जनावराची ओळख पटविणारी नोंद त्या काळीं होती ती लष्करांत. अल्लाउद्दीन खिलजीनें घोड्यांस डाग देण्याची व स्वारांचे चेहरे लिहून ठेवण्याची पद्धति सुरू केली, आणि अकबरानें तीच पुन्हां नीट बसविली, हें सर्वश्रुत आहे. ज्या घोड्याचा पगार सरकार देई तो घोडा हजिरीच्या दिवशीं दाखवून मग दुसऱ्याच्या पागेंत जाऊं नये, एवढ्यासाठीं डाग. म्हणजे जेथें सरकारचा पैसा गुंतला होता तेथें सरकारनें खूण केली. कुणब्याच्या बैलावर सरकारी डाग देण्याचें प्रयोजनच नव्हतें, कारण त्या बैलापायीं सरकारच्या खजिन्यांतून कांहीं जात नव्हतें.

४. मग कुणब्याचें जनावर हरवलें अगर चोरीस गेलें तर त्याची ओळख कशी पटे? या प्रश्नाचें उत्तर गांवच्या व्यवस्थेंत आहे. पेशव्यांचा मुलूख इंग्रजांकडे गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें सन १८१९ मध्यें जो अहवाल सादर केला त्यांत गांवच्या रखवालदाराच्या कर्तव्यांचें वर्णन आहे. चोरी झाली कीं रखवालदारानें चोराच्या पावलांचा माग काढावयाचा; माग दुसऱ्या गांवच्या शिवेंत गेला व तेथील रखवालदाराची तशी खात्री पटली कीं पहिल्याची जबाबदारी संपली, आणि पुढील शोध त्या दुसऱ्या गांवानें चालवावयाचा. हें काम कोठें महार करीत, कोठें रामोशी व भिल्ल करीत.

सांप्रत ज्यास जनावरांचा मागोवा ठेवणें म्हणतात त्याचा हा आपल्याकडील जुना प्रकार होय. त्यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. एक अशी कीं, पुराव्याचा भार धन्यावर नव्हता. त्यानें वर्दी दिली कीं त्याचें काम झालें. पुढचा भार एका गांवाच्या शिवेवरून दुसऱ्या गांवाच्या शिवेवर जाई. दुसरी अशी कीं, जनावराची ओळख त्यास ओळखणाऱ्या माणसांच्या तोंडीं होती. रंग कोसा कीं पांढरा, शिंगें सरळ कीं मागें वळलेलीं, कपाळावर भोवरा कोठें, दांत किती, आदत कीं दोनदाती कीं जुळलेला, चालतांना कोणता पाय टाकतो, एवढें सांगितलें कीं पंचक्रोशींतील चार माणसें तो बैल कोणाचा हें शपथेवर सांगत. धनगर आपल्या मेंढरांच्या कानास खांच पाडी. ती खांच ज्याची त्यास आणि शेजारच्या वाड्यास ठाऊक असे. ही साक्ष फुकट होती आणि ती हरवत नसे.

या व्यवस्थेचें गुणगान करतांना तिचा दोष झांकूं नये. माग काढण्याचें ओझें ज्यांच्या शिरीं होतें ते गांवगाड्यांतील सर्वांत खालच्या पायरीचे चाकर होते, आणि माग न लागला तर संशय प्रथम त्यांच्यावरच येई. तेव्हां ती व्यवस्था जशीच्या तशी परत यावी असें कोणीहि म्हणणार नाहीं. तिच्यांतील घेण्याजोगें तत्त्व एवढेंच कीं, जनावराची ओळख पटविणें हें सार्वजनिक काम होतें, आणि तें न झाल्यास धन्याचा बाजार बंद होत नसे.

५. सन १८१८ च्या मे महिन्यांत जनरल मन्रो यानें सोलापूरचा किल्ला घेतला. त्यानंतर अर्ध्या शतकाच्या आंतच गुरांच्या नोंदीचें स्वरूप पालटलें. या पालटाचें मुख्य साधन म्हणजे कोंडवाडा. सन १८५७ च्या तिसऱ्या कायद्यानें त्याची बैठक घातली व सन १८७१ च्या पहिल्या कायद्यानें, म्हणजे गुरांच्या आगळिकीच्या कायद्यानें, ती पक्की केली. दुसऱ्याच्या पिकांत शिरलेलें जनावर धरून कोंडवाड्यांत घालावें; कोंडवाड्याच्या कामगारानें जनावरांची संख्या व वर्णन, आणल्याचा दिवस व घटका, धरणाऱ्याचें नांव व ठिकाण, आणि ठाऊक असल्यास धन्याचें नांव व ठिकाण वहींत मांडावें, असें त्याचें आठवें कलम सांगतें. इंग्रजी अमलांत सामान्य शेतकऱ्याच्या जनावराचें वर्णन सरकारी वहींत ठरल्या रकान्यांनीं येऊं लागलें तें असें, दंडाच्या निमित्तानें.

दंडाचे मूळ दरहि पाहण्यासारखे आहेत. हत्तीस दोन रुपये. उंट व म्हैस यांस आठ आणे. घोडा, बैल, गाय यांस चार आणे. वासरूं, गाढव व डुक्कर यांस दोन आणे. मेंढरूं व शेळी यांस एक आणा. वरवर पाहतां हे दर जनावराच्या मोलाप्रमाणें ठरविलेले दिसतात. पण बारकाईनें पाहिलें तर एक बैलजोडी सुटण्यास आठ आणे पुरत, आणि चाळीस मेंढरांच्या लहानशा कळपास अडीच रुपये लागत. शिवाय कोंडवाड्यांतील चाऱ्यापाण्याचा आकार वेगळा. सात दिवसांत धनी न आला तर पोलीस ठाण्यास कळवावें, दवंडी पिटावी, आणि आणखी सात दिवसांनीं लिलांव करावा. चाऱ्यासाठीं घरापासून दूर हिंडणाऱ्या धनगरास चौदा दिवसांत दवंडी ऐकूं येईलच असा भरंवसा कोणीं द्यावा? ज्याच्या घरीं गडी आहे, कुंपण आहे व हाताशीं चार रुपये आहेत त्याचें जनावर सुटे. ज्याच्या घरीं राखणीस आठ वर्षांचें पोर तेवढें, त्याचें लिलांवांत जाई. नियम सर्वांस एकच होता, परंतु त्याचें वजन सर्वांवर सारखें पडलें नाहीं.

याच सुमारास, सन १८७८ च्या जंगल कायद्यानें, चराईचीं रानें राखीव होऊं लागलीं. पूर्वीं वनचराई देऊन जेथें गुरें जात तेथें आतां गुरें गेलीं कीं गुन्हा होऊं लागला. जोतीराव फुले यांनीं सन १८८३ मध्यें लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत डोंगर, पडीत जमिनी व गायरानें जंगलखात्याकडे गेल्यामुळें गरीब शेतकऱ्याच्या शेरडामेंढरांस जागा उरली नाहीं अशी कडक तक्रार केली आहे. तिचा पुढील प्रतिध्वनि सन १९३० च्या जंगल सत्याग्रहांत उठला. महाराष्ट्रांत ठिकठिकाणीं लोकांनीं राखीव रानांत शिरून गवत कापलें व गुरें सोडलीं. गुरांच्या नियमांविरुद्ध रयतेचा रोष हा कांहीं आजचा नवा प्रकार नव्हे.

६. स्वातंत्र्योत्तर काळांतील दोन प्रकरणें येथें नमूद केलीं पाहिजेत, कारण पुराव्याच्या भाराचा प्रश्न त्यांत उघडपणें न्यायालयापुढें आला.

पहिलें प्रकरण महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्याच्या सन २०१५ मधील दुरुस्तीचें. त्या कायद्याच्या हेतूविषयीं मतें भिन्न आहेत व त्यांत शिरण्याचें येथें कारण नाहीं. आपल्या विषयापुरता भाग एवढाच कीं, तींतील ‘९ ब’ या कलमानें आपण निर्दोष आहों हें सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला होता. मुंबई उच्च न्यायालयानें ता. ६ मे २०१६ च्या निकालांत कायद्याचा मुख्य भाग कायम ठेवून हें कलम मात्र घटनाबाह्य ठरविलें.

दुसरें प्रकरण पशुबाजारांच्या नियमांचें. केंद्र सरकारनें ता. २३ मे २०१७ रोजीं पशुक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखालीं पशुबाजार नियमनाचे नियम प्रसिद्ध केले. बाजारांत जनावर आणणारानें आपलें नांव, पत्ता व ओळखपत्राची प्रत देऊन, तें कत्तलीसाठीं आणलें नाहीं असें सहीचें लेखी निवेदन द्यावें. घेणारानें आपण शेतकरी असल्याचा कागद दाखवावा. घेतलेलें जनावर सहा महिने विकूं नये. विक्रीच्या पुराव्याच्या पांच प्रती करून घेणारा, देणारा, तहसील कचेरी, पशुवैद्यकीय अधिकारी व बाजार समिती यांत वांटाव्या, असें त्यांत होतें. राज्याच्या सीमेपासून पंचवीस किलोमीटरांच्या आंत पशुबाजार भरवूं नये, असाहि एक नियम होता. दिल्लींत बसून लिहिलेल्या या एका ओळीचा अर्थ अक्कलकोट वा मंगळवेढ्याच्या सरहद्दीवरील शेतकऱ्यास काय होता हें नकाशा पुढें घेऊन पाहावें. त्याच्या पायाखालचा बाजार उठावा आणि त्यानें दूरवर बैल हांकीत न्यावे, असाच तो होता. जो वर्षांत एक खोंड विकतो त्यानें पांच प्रती कोठें कराव्या? जो दिवसाला पन्नास जनावरें फिरवितो त्या व्यापाऱ्याजवळ मात्र कारकून असतो. मद्रास उच्च न्यायालयानें त्याच महिन्याच्या अखेरीस या नियमांस स्थगिति दिली, आणि ता. ११ जुलै २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती साऱ्या देशास लागू केली. केंद्र सरकारनेंहि आपण त्यांचा फेरविचार करीत असल्याचें न्यायालयास सांगितलें. शेतकऱ्याच्या तक्रारींत तथ्य होतें असें यावरून दिसतें.

७. आतां कानांतील बिल्ल्याकडे वळूं. त्याची बाजू प्रामाणिकपणें मांडली पाहिजे. लाळ-खुरकत हा रोग देशांतील गोधनाचें किती नुकसान करतो हें शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको. त्याच्या निवारणासाठीं सप्टेंबर २०१९ मध्यें राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि कोणत्या जनावरास लस टोचली हें कळण्यास त्याच्या कानांत क्रमांक घालण्याचें काम त्यास जोडलें गेलें. त्याच वर्षींच्या विसाव्या पशुगणनेंत देशांत सुमारें साडेत्रेपन्न कोटि जनावरें मोजलीं गेलीं. एवढ्या मोठ्या संख्येंत लसीचा हिशेब चिठ्ठ्यांवर राहणार नाहीं हें खरेंच. सन २०२२ मध्यें लम्पी चर्मरोग पसरला तेव्हां सप्टेंबर महिन्यांत सारें महाराष्ट्र राज्य नियंत्रित क्षेत्र ठरवून बाजार बंद करावे लागले, आणि मेलेल्या दुभत्या गाईस तीस हजार, बैलास पंचवीस हजार व वासरास सोळा हजार रुपये भरपाई जाहीर झाली. अशा वेळीं कोणाचें कोणतें जनावर गेलें हें क्रमांकावरून लौकर ठरतें, आणि लबाडीस आळा बसतो. म्हणून बिल्ला हा स्वतः वाईट नव्हे.

वाईट आहे तें त्याच्या अभावास जोडलेलें शासन. बिल्ला टोचण्याचें व संगणकीय दप्तरांत नांव चढविण्याचें काम सरकारी यंत्रणेचें. ती वाडीवस्तीपर्यंत पोंचली नाहीं, लस टोचून गेली पण नोंद अर्धवट राहिली, जनावर विकलें गेलें तरी दप्तरांत जुन्याच धन्याचें नांव उरलें, किंवा बाभळीच्या कांट्यांत अडकून बिल्ला तुटला व कान फाटला, यांपैकीं एकहि गोष्ट धन्याच्या हातची नाहीं. तरी बाजाराच्या दारांतून परत जावयाचें तें त्यानें. सन २०२४ च्या आरंभीं राज्यानें गाईच्या दुधास लिटरमागें पांच रुपये अनुदान दिलें तेव्हांहि जनावराचा बिल्ला व धन्याचें बँक खातें यांची सांगड घालण्याची अट होती. ज्याच्या गोठ्यांत पन्नास गाई त्यानें एका दिवसांत ती सांगड माणूस लावून घालावी. ज्याच्या दारीं एक गाय त्यानें दिवसाची मजुरी बुडवून घालावी, आणि त्यास मिळावयाचें काय, तर दिवसाच्या आठ लिटरांस चाळीस रुपये.

त्याहूनहि विपरीत गोष्ट दवाखान्याची. बिल्ला रोगनिवारणासाठीं म्हणावयाचा, आणि ज्यास बिल्ला नाहीं त्या आजारी जनावरास औषध नाकारावयाचें, यांत पूर्वापर विरोध आहे. रोग क्रमांक पाहून येत नाहीं. ज्याचें जनावर दवाखान्यांतून परत पाठविलें जाईल तो तें घरीं लपवील, किंवा रातोरात पडेल भावानें दुसऱ्याच्या गळ्यांत घालील. आणि ज्या सांथीस अडवावयाचें तीच वाडीवाडींतून फिरेल. बिनबिल्ल्याच्या जनावराचा भाव पाडून घेणारा दलाल तर बाजाराच्या दारांतच उभा असतो. नियमानें ज्यास अडविलें त्याचा माल दुसऱ्यानें स्वस्तांत घ्यावा, हा कोंडवाड्याच्या लिलांवाचाच नवा अवतार नव्हे काय?

८. परदेशाचा अनुभवहि येथें उपयोगी पडेल. युरोपांत वेड्या गाईच्या रोगानंतर सन १९९७ च्या नियमानें प्रत्येक गुरास दोन बिल्ले व परवाना-पुस्तक यांची सक्ति झाली. तेथें ती रुजली, कारण तेथील व्यापार संघटित होता. अमेरिकेंत उलट घडलें. तेथें डिसेंबर २००३ मध्यें तो रोग आढळल्यावर राष्ट्रीय पशु-ओळख योजनेस जोर आला. परंतु लहान शेतकऱ्यांनीं तिला तीव्र विरोध केला. मोठ्या कारखानदाराच्या एकत्र वाढलेल्या व एकत्र हलणाऱ्या हजारों जनावरांस मिळून एक गटक्रमांक पुरे, आणि परसांत दहा निरनिराळीं जनावरें पाळणारास मात्र दहा वेगवेगळे क्रमांक, ही त्यांची मुख्य तक्रार होती. फेब्रुवारी २०१० मध्यें तेथील कृषिखात्यानें ती योजना सोडून दिली. पुढें सन २०१३ पासून लागू झालेला नियम मुख्यतः एका राज्यांतून दुसऱ्यांत जाणाऱ्या जनावरांपुरता ठेविला गेला. सांगोल्याचा धनगर आणि तिकडील लहान शेतकरी यांची गांठ कधीं पडली नाहीं. तरी दोघांची तक्रार एकच आहे, आणि ती ऐकून नियम बदलल्यानें तेथें आकाश कोसळलें नाहीं.

९. या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा कीं, गुरांच्या नोंदीची योग्यायोग्यता तीन कसोट्यांवर पाहावी. मोजणी देण्यासाठीं आहे कीं घेण्यासाठीं; पुराव्याचा भार मोजणारावर आहे कीं धन्यावर; आणि नोंद नसली तर काय थांबतें. प्रभावळीच्या पत्रांतील गणना पहिल्या दोन्ही कसोट्यांस उतरते. मागाची जुनी पद्धति दुसरीस उतरते. कोंडवाडा तिहींसहि उतरत नाहीं. सन २०२४ चा आदेश पहिलीस उतरूं शकतो, परंतु दुसऱ्या दोहोंवर तो कोंडवाड्याच्याच वाटेनें जातो.

तेव्हां मागणी काय असावी हें सांगणें प्राप्त आहे. बिल्ला नसलेलें जनावर बाजाराच्या दारीं आलें तर तेथेंच, विनामूल्य व तत्काळ, तो घालण्याची सोय बाजार समिती व पशुसंवर्धन खातें यांनीं करावी. धन्यास परत लावूं नये. बिल्ला गळला असल्यास गांवच्या पोलीस पाटलाचा अगर दोन शेजाऱ्यांचा जबाब क्रमांकाइतकाच प्रमाण मानावा. जुन्या गांवानें हीच साक्ष शतकानुशतकें मानली होती. धनी बदलल्याची नोंद बाजाराच्या पावतीवरून यंत्रणेनें स्वतः करावी. आणि औषधोपचार कोणत्याहि कारणानें नाकारूं नये. या चार गोष्टी केल्यास रोगाचा बंदोबस्त कमी होणार नाहीं; तो वाढेलच, कारण ज्या नोंदीची भीति नाहीं ती नोंद शेतकरी आपण होऊन करवितो.

शेवटीं कागदांच्या संग्राहकांस एक विनंति. कोंडवाड्यांच्या वह्या, बाजारांच्या जुन्या पावत्या, पाटलांनीं दिलेले विक्रीचे दाखले, यात्रांच्या पशुबाजारांचे हिशेब, हे कागद ग्रामपंचायतींच्या व बाजार समित्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडतात, आणि जागा हवी झाली कीं रद्दींत जातात. त्यांवर कोणा सरदाराचा शिक्का नाहीं, म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होतें. परंतु एका तांबड्या, डाव्या शिंगाच्या मोडक्या बैलाचें वर्णन, त्याच्या धन्याचें नांव, भरलेला दंड, किंवा न भरल्यानें झालेला लिलांव, एवढें ज्या ओळींत आहे ती ओळ त्या कुटुंबाचा एकमेव लेखी इतिहास असूं शकते. उद्यां एखाद्या नियमाविरुद्ध शेतकऱ्याची बाजू मांडणारास पुराव्याची गरज पडेल तेव्हां तो याच कागदांत सांपडेल. सोलापूर, पंढरपूर, सांगोला, अक्कलकोट व मंगळवेढें या भागांतील संग्राहकांनीं आपल्या आटोक्यांतील अशा वह्यांच्या निदान नकला तरी करून संशोधन संस्थांच्या दप्तरीं दाखल कराव्या.